चाखणीचं पाणी

"एक लंगोट वाळेल तर शपथ."

सून हे कुणाला ऐकू जावं म्हणून बोलली नव्हती. पण पत्र्याच्या एका खोलीत पुटपुटणं आणि ओरडणं यांत फारसा फरक राहत नाही. चुलीपाशी बसलेल्या सासूनं ऐकलं, दारात तोंड धुणाऱ्या नवऱ्यानं ऐकलं, आणि घरच्या रीतीप्रमाणे दोघांनीही ऐकलं नाही असं दाखवलं.

दोरीवरचे लंगोट हाताला गार आणि चिकट लागत होते. गुंडीला कालपासून जुलाब होत होते. जुन्या चादरीचे, नवऱ्याच्या फाटक्या सदऱ्याचे, सापडतील ते सगळे तुकडे कामाला लागले होते आणि सगळेच ओले होते. गुंडी म्हणजे या घरातली पोर. जन्मली तेव्हा सदऱ्याच्या गुंडीएवढी होती असं तिचा बाप म्हणायचा, आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच. आता ती बसवली की बसायची आणि वाटी दिसली की वाटीच तोंडात घालायला बघायची. आज मात्र सासूच्या मांडीवर पडून होती आणि मधूनमधून कण्हल्यासारखं करत होती.

हवेत ओल होती. मिठागराच्या वस्तीत हवा ओलावली की नुसते लंगोट वाळत नाहीत एवढ्यावर भागत नाही. उन्हाळाभर वाफ्यांत पिकवलेलं मीठ परत पाणी व्हायला टपून बसतं. आभाळ दोन दिवस मळलेलं होतं, अवेळी, आणि वाफे पांढरे भरून पडले होते. पाऊस आला तर हंगाम गेला. मुकादम काल संध्याकाळी दारोदार फिरून गेला होता. उद्या ज्याला हात आहेत तो वाफ्यावर पाहिजे, आजारी, लंगडा, पाहुणा, कुणी असो. तो बोलला तेव्हा हसत होता, पण जो पुढच्या हंगामात परत काम मागायला येणार आहे त्याला ते हसू बरोबर समजतं.

सुनेनं विचारलं होतं, पोरीला बरं नाही, मी नाही आले तर. मुकादम सासूकडे बघून म्हणाला होता, की मावशी आहेत ना घरात. अख्ख्या आगराला सांभाळलं त्यांनी, एक नात सांभाळता येत नाही होय. यावर सासू खूश झाली होती. तिला खूश करायला फार लागत नसे.

सासूला सगळं आगर चाखणी म्हणायचं. समुद्राचं पाणी बांधाची फळी उचलून आत घेतात, मग ते एका वाफ्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात सोडत नेतात, आणि उन्हानं ते आटत आटत दाट होत जातं. ते पिकलं की शेवटच्या वाफ्यात सोडायचं. लवकर सोडलं तर मीठ धरत नाही, उशिरा सोडलं तर कडवट येतं. ही वेळ ओळखायची ती चाखणीनं. बोट बुडवायची, जिभेला लावायची, एकदा उन्हाकडे बघायची आणि म्हणायची, "सोडा," किंवा म्हणायची, "राहू दे." ती म्हणाल्याशिवाय फळीला हात लावायचा नाही असा जुन्या मुकादमाचा दंडक होता. स्वतःचा नवरा वारल्यावर तिनं याच जिभेवर घर चालवलं, पोराला वाढवलं, त्याचं लग्न करून दिलं. बायका खोऱ्यानं मीठ ओढायच्या, पाट्या वाहायच्या. चाखणी बांधावरून चालायची, हात मागे बांधून, शाळातपासनिसासारखी.

पण मीठ कुणाला सोडत नाही. मिठानं तिच्या टाचा खाल्ल्या, नखं खाल्ली, घराचा पत्रा खालून कुरतडत आणला. जीभ तेवढी शिल्लक कशी राहील.

मागच्या हंगामात ते सगळ्यांच्या ध्यानात आलं. ती "राहू दे, अजून पाणचट आहे" म्हणायची आणि मीठ कडू निघायचं. नव्या मुकादमानं एक काचेची नळी आणली, पाण्यात उभी तरंगणारी, तिच्यावर रेघा. चाखणी बांधाच्या वळणापलीकडे गेली की तो नळी बुडवून बघायचा आणि हवं ते करायचा. तिला मात्र रोज विचारायचा, "काय म्हणतंय पाणी, मावशी?" आणि ती रोज चाखून सांगायची. हा त्याचा मोठेपणा आहे असं सगळ्यांचं मत होतं.

घरीही तेच. भाजी सासूच करायची आणि मीठ तीच घालायची. पहिल्यांदा नवऱ्यानं घास अंगणात जाऊन थुंकला आणि माशी होती म्हणाला. मग सून शिकली. सासूची पाठ वळली की भांडंभर पाणी रश्श्यात ओतायचं आणि एक उकळी आणायची. त्यामुळे या घरचा रस्सा इतका पातळ असायचा की एकदा आलेला पाहुणा बाहेर जाऊन या माणसांच्या कंजूषपणाबद्दल बोलला. सासूही कधीकधी म्हणायची, तुझ्या हाताला काय झालंय गं, तू ढवळलंस की रश्श्याला पाणी सुटतं. सून खाली मान घालून ऐकून घ्यायची. शेजारणी म्हणायच्या, चाखणीकडे जेवायला जायचं तर प्यायच्या पाण्याचा हंडा घरून न्यावा. पण हे तिच्या मागे. तिच्या तोंडावर कुणी बोललं नाही.

सुनेनं एकदा नवऱ्याजवळ विषय काढला होता. तो म्हणाला, "तिच्याकडे दुसरं आहे काय? ते काढून घेतलं तर म्हातारी उभी राहायची नाही." आणि सुनेला ते पटलं होतं. सासूचा तिला लळा होता. बाळंतपणात या बाईनं तिचे पाय स्वतःच्या मांडीवर घेऊन चोळले होते, मिठानं भेगाळलेल्या हातांनी, आणि ते हात टोचायचे तरी सून काही बोलली नव्हती. न बोलण्याची सवय तशी जुनी.

गुंडीला कालपासून साखर-मिठाचं पाणी चाललं होतं. ते नर्सबाईंनीच शिकवलं होतं. थंडीच्या दिवसांत त्या आरोग्य केंद्रातून वस्तीवर आल्या, बायकांना गोदामाच्या सावलीत बसवलं आणि जुलाब लागलेल्या पोराचं काय करायचं ते करून दाखवलं. उकळून गार केलेलं पाणी, एवढी साखर, एवढं मीठ, ढवळायचं आणि आधी स्वतः चाखायचं. डोळ्यातल्या पाण्यापेक्षा जास्त खारट लागलं तर ओतून द्यायचं, पोराला पाजायचं नाही. तेव्हा चाखणी म्हणाली होती, "बाई, चवीचं तेवढं मला शिकवू नका," आणि सगळ्या बायका हसल्या होत्या. ज्यांना माहीत होतं त्या जरा जास्तच हसल्या. नर्सबाईंनी तयार पुड्याही दिल्या होत्या. त्यांचा ओलीनं दगड झाला होता.

म्हणून काल संध्याकाळी सासूनं लोटीत पाणी घेतलं, साखर घातली, मीठ घातलं. घरात मीठ म्हणजे दाराशेजारच्या पोत्यातलं, जाडं, करकरीत. चिमटीत धरावं तर चिमटीतून सांडतं, म्हणून ती मुठीनंच घेते. ढवळलं, बोट बुडवलं, जिभेला लावलं. नुसतीच साखर लागली. मग अजून घातलं. परत चाखलं, अजून घातलं, आणि मग तिला समाधान वाटलं.

हे सुनेनं पाहिलं. पहिला चमचा तिच्याच हातात होता. तो तिनं आपल्या तोंडाकडे नेला, सवयीनं, जशी कुठलीही आई नेते. तेवढ्यात तिचं लक्ष गेलं की सासू बघतेय. रागानं नव्हे, नुसतीच बघतेय, भुवया किंचित वर करून. चाखणीनं चाखलेलं पाणी या आगरात कुणी पुन्हा चाखलेलं नव्हतं, निदान तिच्यासमोर. सुनेचा हात अर्ध्यावर थांबला, वळला, आणि चमचा गुंडीच्या ओठांना लागला. गुंडीनं तोंड वाकडं केलं. औषधाला पोरं तोंड वाकडं करतातच.

रात्रभर थोडं थोडं पाजलं. सकाळी नवीन लोटी केली.

आता सून निघताना पोरीला अंगावर पाजायला बसली. गुंडी हावऱ्यासारखी ओढत होती, सोडत होती, परत ओढत होती. अंग तापलं होतं. "तहान आहे, म्हणजे बरंय," सासू म्हणाली. "जुलाबाचं पोर पाणी नको म्हणायला लागलं तर भ्यायचं. तू जा. मी आहे." आणि सून गेली, कारण बांधावरून मुकादमाची हाक आली होती आणि नवरा खोरं घेऊन पुढे निघालाही होता.

वाफ्यात काम म्हणजे पायांचं मरण. घोट्यापर्यंत खारं पाणी, खाली धारदार कण, आणि टाचेच्या भेगांत ते जाऊन बसतं तेव्हा माणूस पहिल्या तासाला शिव्या देतो आणि दुसऱ्या तासाला गप्प होतो. नवरा लाकडी खोऱ्यानं मीठ बांधाकडे ओढत होता, बायका पाट्या भरून राशीवर नेत होत्या. राशीवर ताडपत्री ओढायला माणसं उभी होती. वारा पडला होता. आभाळ इतकं खाली आलं होतं की सुनेला वाटलं, राशीवर चढलं तर हात लागेल. पाटी डोक्यावर घेतली की खारं पाणी गळ्यावरून ओघळत ब्लाउजमध्ये शिरायचं, आणि आत दूध भरून येऊन छाती दगड झाली होती.

मधल्या सुट्टीला ती धावत घरी आली. गुंडीचं रडणं तिला वळणावरूनच ऐकू आलं आणि ते तिला ओळखता आलं नाही. बारीक, टोकदार, पत्र्यावर खिळा ओढावा तसं. सासू तिला खांद्यावर घेऊन खोलीत फेऱ्या मारत होती. जुलाब कमी झालाय, ती म्हणाली, आणि ते खरं होतं. पण किरकिर फार करतेय. पाणी दिलं की जरा गप्प होते, परत मागते. लोटी अर्ध्याच्या खाली गेली होती. सुनेनं पोरीला छातीशी धरलं, तिच्या कपाळाला ओठ लावले. खारट लागलं. पण आगरात सगळंच खारट लागतं, स्वतःचे ओठ, स्वतःचे हात, नवऱ्याचा खांदा. तिनं तोंड पुसलं.

"केंद्रात नेऊ या का?" तिनं विचारलं.

सासू म्हणाली, पावसाचं काय ते होऊ दे, संध्याकाळी सगळे मिळून जाऊ. तेवढ्यात परत हाक आली. गुंडी दूध पिता पिता थांबली होती आणि वर बघत होती, आढ्याकडे, जिथं काही नव्हतं.

दुपारी शेजारची पोरगी बांधावरून पळत आली. ती नुसती घराकडे हात करून उभी राहिली. सुनेनं पाटी जिथं होती तिथं टाकली.

गुंडी सासूच्या मांडीवर ताठ झाली होती. एक हात झटके देत होता, डोळे एका बाजूला खेचले गेले होते, तोंडाच्या कोपऱ्यातून फेस येत होता. मग झटके थांबले आणि ती सैल पडली, ओल्या फडक्यासारखी. ओठांभोवती निळसर दिसत होतं. सासू तिला हलवत होती आणि एकच सांगत होती, आत्ता पाणी घेतलं तिनं, आत्ताच तर घेतलं, चांगलं घेतलं.

सुनेनं पोर उचलली आणि बाहेर धावली. नवरा मागोमाग आत शिरला होता, पैसे की टॉवेल की काय घ्यायला, आणि तिनं दारातून वळून त्याला हाक मारायला पाहिलं तेव्हा तो लोटीवर वाकलेला होता. त्यानं लोटी तोंडाला लावली. आणि तोंडातलं पाणी भिंतीवर उडालं. मग मागच्या दारानं जाऊन त्यानं लोटी उपडी केली. परत आला तेव्हा त्याची आणि तिची नजर भेटली.

मिठाचा टेंपो राशीपाशी उभा होता. मुकादमानं तो स्वतः रिकामा करायला लावला, आणि त्या दिवशी तो ओरडला नाही. पुढच्या सीटवर सून पोरीला घेऊन, शेजारी सासू, मागे पोत्यांच्या जागी नवरा. रस्ता खड्ड्यांचा. सून पोरीच्या छातीकडे बघत होती. छाती वर यायची, मग थांबायची, इतका वेळ थांबायची की सुनेचा स्वतःचा श्वास अडकायचा, मग परत यायची. सासू तिच्या पदराचं टोक हातात धरून म्हणत राहिली की मी सांगितल्याप्रमाणे दिलं, चमच्यानं दिलं, एकदम नाही दिलं. सून "हो आई" म्हणाली. काच खाली होती. पहिले थेंब पडायला लागले होते आणि ड्रायव्हरनं वायपर लावायच्या ऐवजी एकदा मान वळवून आगराकडे पाहिलं.

आरोग्य केंद्राच्या ओसरीत बाकावर माणसं बसली होती. एक पोर जोरजोरात रडत होतं आणि त्याची आई सगळ्यांना बाजूला सारत होती. नर्सबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी त्या रडणाऱ्या पोराकडे एकदाच पाहिलं आणि मग सुनेच्या हातांकडे. हात लावायच्या आधीच, तिथूनच, त्यांना काय दिसलं कोण जाणे. मान लटकलेली, रंग राखेसारखा, श्वासाला आवाज नाही. "हे आधी," त्या म्हणाल्या, आणि पोर त्यांच्या हातात गेलीसुद्धा.

आतल्या टेबलावर गुंडी फार लहान दिसत होती. डॉक्टर तरुण होता, डोळ्यांखाली काळं, बाही वर चढवलेली. नर्सबाईंनी घडी केलेलं फडकं तिच्या खांद्यांखाली सरकवलं, म्हणजे मान सरळ राहील, ना पुढे पडेल ना मागे. नळीनं तोंडातला फेस ओढून घेतला. मग एक मऊ गोल झाकण नाकातोंडावर बसवलं आणि त्याला जोडलेला रबरी फुगा दाबला. दाबला, सोडला. दाबला, सोडला. त्या पुटपुटत होत्या, "दाब, सोड, सोड," स्वतःसाठीच. गुंडीची छाती वर आली. पहिल्यांदा नीट वर आली. कुणीतरी दाबतंय म्हणून का होईना, आली.

डॉक्टरचं बोट पोरीच्या दंडाच्या आतल्या बाजूला होतं, नाडीवर. "आहे," तो म्हणाला. "मंद नाही. चालू ठेवा." त्यानं अंगठ्यानं तिच्या छातीचं हाड दाबलं, उचललं आणि तिथं उमटलेला पांढरा ठसा किती वेळानं भरतो ते पाहत राहिला. ठसा भरेना. शीर सापडेना. हाताच्या, पायाच्या, डोक्याच्या, सगळ्या बसल्या होत्या. मग त्यानं गुडघ्याखालच्या हाडात सुई घातली, फिरवत, आणि ते बघून नवरा भिंतीकडे वळला. सून वळली नाही. टाचेला टोचून थेंबभर रक्तावर साखर पाहिली. साखर ठीक होती. परत झटका यायला लागला तेव्हा औषध दिलं आणि हात हळूहळू थांबला. सलाईनचा पहिला भाग मोठ्या सिरिंजनं ढकलला. छातीवरचा ठसा जरा लवकर भरायला लागला.

आणि मग गुंडीनं फुग्याची वाट न बघता स्वतः श्वास घेतला. नर्सबाईंनी हात तसाच ठेवला, दुसरा श्वास बघितला, तिसरा बघितला. पोरीनं बारीक आवाज काढला.

सासू खाली बसली. दाराला टेकून, जिथं होती तिथं, आणि पदर तोंडात धरला.

डॉक्टर मात्र खूश दिसेना. त्यानं पोरीच्या पोटावरची कातडी चिमटीत धरली, सोडली, परत धरली. बोटांत मळलेल्या कणकेसारखी येत होती ती. त्यानं नर्सबाईंकडे पाहिलं. मग तो सुनेसमोर येऊन उभा राहिला आणि विचारायला लागला. पडली होती का? ताप होता का? कुणी झाडपाला, गोळी, झोपेचं काही दिलं का? कुणी काही दिलं नव्हतं. पाणी दिलं होतं, सासू खालून म्हणाली. बाईंनी शिकवलं तसं, साखर-मिठाचं. नर्सबाई म्हणाल्या, चांगलं केलंत. डॉक्टरनं मान हलवली नाही.

"हे बघा," तो हळू बोलत होता, आवाज चढवायला वेळ नसल्यासारखा. "ही अजून सुटलेली नाही. मोठ्या दवाखान्यातून गाडी निघालीय, तोवर सलाईन मलाच चालवायचीय. नुसतं पाणी कमी पडून झटका आला असेल, तर सलाईन भराभर सोडायला हवी. पण अंगात मीठ जास्त झालं असेल, तर भराभर सोडलेली सलाईन मेंदूला सूज आणेल, आणि मग मी काही करू शकणार नाही. हळू सोडावी लागेल, दोन दिवस लावून. इथं रक्त तपासायची सोय नाही. म्हणून विचारतोय. त्या पाण्यात मीठ किती होतं?"

ओसरीतलं पोर रडायचं थांबलं होतं. पत्र्यावर पाऊस वाजायला लागला होता, आता चांगलाच.

सासू भिंतीला धरून उठली. ती घाबरली नव्हती. ज्या गोष्टीची तिला उभ्या जन्मात खात्री होती तीच कुणीतरी विचारली होती. तिनं सांगितलं की प्रत्येक वेळी तिनं स्वतः चाखलं. डोळ्यातल्या पाण्यापेक्षा कमी खारट. कमीच, जरा पाणचटच म्हणा.

"नक्की?" डॉक्टरनं विचारलं, आणि तिला नाही, नवऱ्याला विचारलं.

नवऱ्याचा चेहरा उतरला होता. सुनेला वाटलं, आता बोलेल. त्याचे ओठ हलले. पण आईचा चेहरा त्याच्यासमोर होता, वर उचललेला, वाट बघणारा, आणि वर्षभर रोज जे वाक्य तोंडात तयार असायचं तेच बाहेर आलं.

"आई आगरातली चाखणी आहे, डॉक्टर. तिची जीभ चुकत नाही."

डॉक्टरनं सलाईनच्या बाटलीकडे पाहिलं. नळीवरच्या चाकाकडे त्याचा हात गेला. सासूनं मान डोलावली, पोराकडे बघून, आणि त्या डोलावण्यात एवढी माया होती की सुनेला ती बघवेना. हे सगळं अजूनही न बोलता निभावून नेता येईल असं तिला वाटलं, एक क्षण, खरोखर वाटलं. टेबलावर गुंडीच्या छातीनं एक श्वास घेतला आणि दुसरा घ्यायला जरा जास्तच वेळ लावला.

सुनेनं पुढे होऊन डॉक्टरचा हात धरला. परक्या पुरुषाचा हात तिनं आजवर कधी धरला नव्हता.

"हळू सोडा," ती म्हणाली. "पाणी खारट होतं. यांनी लोटी चाखली आणि थुंकले आणि उरलेलं ओतून दिलं. मी बघितलं."

नवऱ्यानं डोळे मिटून घेतले. डॉक्टरनं चाक फिरवलं, थेंब मोजायला लागला आणि नर्सबाईंना काहीतरी भराभर सांगू लागला. सासू सुनेकडे बघत होती, भुवया किंचित वर करून. काल संध्याकाळी बघितलं होतं तसंच. सून तिच्याकडे वळली. हा हात आता कुठं वळवायचा ते तिला कळेना, म्हणून तिनं तो सासूच्या हातावर ठेवला, त्या टोचऱ्या भेगांवर.

"आई, तुमची जीभ गेलीय. मागच्या हंगामापासून. यांना माहीत आहे, मुकादमाला माहीत आहे, सगळ्या आगराला माहीत आहे. तुम्हालाच कुणी सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही."